समुद्राकाठचा आठवडा पंचवीस वर्षांसाठी घेताना

एप्रिल उजाडला की पनवेलच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी एक टेबल लागतं. काचेचं भांडं, त्यात चिठ्ठ्या, मागे नारळाच्या झाडांचा मोठा फोटो. नाव आणि मोबाइल नंबर लिहून टाकायचा. दोन दिवसांत फोन येतो : "अभिनंदन सर, तुम्हाला गिफ्ट व्हाउचर लागलंय. फक्त रविवारी मॅडमना घेऊन हॉटेलवर यायचं." व्हाउचर जवळजवळ सगळ्यांनाच लागतं. आणि मॅडम हव्यात त्या अशासाठी, की "घरी विचारून सांगतो" म्हणून उठायची सोय राहू नये.

त्या हॉटेलच्या हॉलमध्ये विकली जाते ती टाइमशेअर योजना. ती मुळातच फसवणूक आहे असं मला म्हणायचं नाही. नेमाने वापर करून समाधानी असलेली कुटुंबं पनवेल-खारघरात आहेत. पण ती कुटुंबं कोणती, आणि आपण त्यांच्यासारखे आहोत का, हे त्या हॉलमधल्या दोन तासांत कळत नाही. ते घरीच, डायनिंग टेबलावर कागद-पेन घेऊन ठरवायचं असतं.

आधी व्यवहार नेमका कसला आहे ते पाहू. रिसॉर्टमधल्या खोलीचा वर्षातला ठरावीक काळ अनेकांना वाटून विकायची ही पद्धत युरोपात १९६०च्या दशकात सुरू झाली. आपल्याकडे चेन्नईच्या स्टर्लिंगने १९८६च्या सुमारास ती आणली, तेव्हा करार ९९ वर्षांचे असत. पुढे १९९६ मध्ये महिंद्रा समूहाची कंपनी आली. क्लब महिंद्राचं २५ वर्षांचं सदस्यत्व आज बहुतेकांना ऐकून माहीत असतं. आता कमी मुदतीच्या योजनाही मिळतात. नाव काहीही असो, सदस्यत्वाच्या अशा योजनेत सातबाऱ्यावर तुमचं नाव लागत नाही. तुम्ही विकत घेता तो वर्षाला अमुक इतक्या रात्री राहण्याचा हक्क, आणि त्या हक्कासोबत दर वर्षी देखभाल शुल्क भरायची जबाबदारी.

यातली बरीचशी गोम मे महिन्यात आहे. तुमच्या मुलांना सुट्टी मे महिन्यात असते, तशीच ती मुंबई-पुण्यातल्या बाकीच्या सगळ्या सदस्यांच्या मुलांनाही असते. म्हणून कंपन्यांनी वर्षाचे भाग पाडून त्यांना रंग दिलेत. क्लब महिंद्रात पर्पल, रेड, व्हाइट, ब्ल्यू असे चार हंगाम आहेत. पर्पल सगळ्यांत महाग आणि ब्ल्यू सगळ्यांत स्वस्त. वरचा रंग घेतला की खालच्या हंगामात जाता येतं, खालचा घेतला की वरच्यात शिरताना अडचण. स्वस्तात मिळाला म्हणून ब्ल्यू घेणाऱ्याला मुलांच्या सुट्टीत फारसं काही हाती लागत नाही. शिवाय हे रंग रिसॉर्टगणिक बदलतात. थंड हवेच्या ठिकाणी मे महिना ज्या रंगात असतो त्याच रंगात तो किनाऱ्यावर असेलच असं नाही. तेव्हा माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा आणि तुमच्या आवडीच्या रिसॉर्टचं आठवड्यानिहाय हंगामपत्रक मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली, तर पुढचं काही ऐकत बसायची गरज नाही.

हंगाम जुळला तरी खोली मिळेलच असं नाही. हॉलमधला संवाद साधारण असा चालतो :

"मे महिन्यात गोव्याला मिळेल ना?"

"मिळणार ना मॅडम, तुम्ही मेंबर आहात!"

"मग हे या फॉर्मवर लिहून द्याल?"

यावर समोरचा तरुण हसतो, पान उलटतो आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढतो. करारात त्या जागी "उपलब्धतेनुसार" असं लिहिलेलं असतं, आणि पुढे वाद झालाच तर तोंडी आश्वासनापेक्षा हे लिहिलेलं कितीतरी भारी पडतं. सही करण्याआधी ओळखीतला एखादा सदस्य गाठा. त्याला म्हणावं, "जरा तुझं अ‍ॅप उघड आणि येत्या मेच्या दुसऱ्या आठवड्यात चार रात्री कुठे मिळतात ते दाखव." दहा मिनिटांचं काम आहे. बुकिंग किती महिने आधी खुलतं, वरच्या रंगाच्या सदस्यांना आधी संधी मिळते का, रद्द केल्यास रात्री बुडतात का, न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात का, हेही त्यालाच विचारा. तो विक्रेता नसल्यामुळे खरं सांगेल.

पनवेलकरांसाठी यात आणखी एक तिढा आहे, रेल्वेचा. रिसॉर्टचं बुकिंग कित्येक महिने आधी करावं लागतं, पण १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवसांवर आलं आहे. म्हणजे १० मेचं तिकीट ११ मार्चला सकाळी खुलणार, आणि मे महिन्यात कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, वंदे भारत या गाड्यांवर चाकरमान्यांची किती झुंबड असते हे आपल्याला सांगायला नको. खोली हातात आणि तिकीट वेटिंगवर, अशी वेळ येऊ शकते. म्हणून खोली रद्द करायची शेवटची तारीख ११ मार्चच्या नंतर पडते का, एवढं कॅलेंडरवर ताडून पाहा.

आता समुद्र कुठला? मोठ्या कंपन्यांची किनाऱ्यावरची नावाजलेली रिसॉर्टं आपल्या दृष्टीने मुख्यतः गोव्यात आहेत. दक्षिण गोव्यातल्या वार्का परिसरात क्लब महिंद्राही आहे आणि स्टर्लिंगही. वार्क्याला मडगाव स्टेशन अगदी जवळ, त्यामुळे पनवेलहून रेल्वेच सोयीची. स्वस्त तिकीट पाहून मोपा विमानतळावर उतरलात, तर अख्खा गोवा ओलांडून यावं लागतं. दक्षिण गोव्यासाठी दाबोळीच बरं. नवी मुंबईचा विमानतळ आता आपल्या दाराशी आला आहे खरा, पण तिकीट काढताना उतरायचा विमानतळ कोणता ते दोनदा वाचा.

कोकणातलं चित्र वेगळं आहे. नागाव, आक्षी, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, पुढे दापोलीकडचं कर्दे नि लाडघर, गुहागर, गणपतीपुळे आणि थेट तारकर्लीपर्यंतचा हा किनारा चालतो तो मुख्यतः घरगुती निवास, छोटी हॉटेलं आणि एमटीडीसीच्या निवासांवर. सदस्यत्वाच्या यादीत यातली फार थोडी नावं सापडतील. पनवेलचा माणूस समुद्रावर जातो तो बहुतेकदा शुक्रवारी रात्री ठरवून शनिवारी पहाटे. पळस्पे फाट्याला महामार्ग पकडायचा, वडखळला अलिबागकडे वळायचं आणि दुपारच्या जेवणाला नागावात सोलकढी. याला कुठलंच सदस्यत्व लागत नाही, आणि सदस्यत्व घेतलं तरी या सवयीला त्याचा उपयोग नाही. वर्षातून चारदा अशा दोन-दोन दिवसांच्या सहली करणाऱ्या कुटुंबाने गोव्यातल्या सात रात्रींसाठी चार-पाच लाख मोजणं मला तरी पटत नाही.

त्याउलट ज्यांच्या घरी मे महिन्यात आठवडाभर बाहेर जायचा शिरस्ताच आहे, ज्यांची रजा जानेवारीतच मंजूर होते, ज्यांना मोठं रिसॉर्ट, तरणतलाव, मुलांसाठी खेळ आणि संध्याकाळचे कार्यक्रम आवडतात, आणि एका वर्षी गोवा तर दुसऱ्या वर्षी मुन्नार असं फिरायची तयारी आहे, त्यांनी जरूर हिशोब करून पाहावा. आरसीआयसारख्या अदलाबदल करणाऱ्या संस्थेमार्फत आपल्या रात्री देऊन परदेशातल्या रिसॉर्टमध्येही जाता येतं. अर्थात त्याचं शुल्क वेगळं, आणि तुमच्या रात्रींचा हंगाम जितका भारी तितकी बदल्यात चांगली जागा.

हिशोब विक्रेत्याच्या कॅल्क्युलेटरवर करू नका. तो आजचं हॉटेलचं भाडं घेतो, ते दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढवतो आणि पंचविसाव्या वर्षी तुम्ही कोट्यधीश झालेले दिसता. घरचा हिशोब असा : समजा सदस्यत्व चार लाखांचं, मुदत २५ वर्षं, वर्षाला सात रात्री, आणि देखभाल शुल्क २०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून झाले २३,६००. मुदत संपल्यावर चार लाख परत मिळणार नाहीत. हेच पैसे सात टक्के व्याजाने ठेवून २५ वर्षं सारखा हप्ता काढत गेलात, तर वर्षाला साधारण ३४,३०० रुपये हाती येतील आणि शेवटी मुद्दलही संपेल. म्हणजे वर्षाचा खरा खर्च ५७,९००. सातही रात्री वापरल्या तर रात्रीला सव्वाआठ हजार पडले. चारच वापरल्या, तर साडेचौदा हजारांच्या घरात. यात जेवण नाही, प्रवास नाही. आणि देखभाल शुल्क दर वर्षी सहा टक्क्यांनी वाढलं, तर बारा वर्षांत दुप्पट होईल.

आता त्याच दर्जाच्या रिसॉर्टचा त्याच तारखांचा दर ऑनलाइन पाहा आणि शेजारी लिहा. हॉटेलच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांवर आला आहे, तोही धरा. पंचतारांकित थाटाच्या जागेशी तुलना केलीत तर सदस्यत्व कदाचित जिंकेल, पण तुमच्या नेहमीच्या हॉटेलशी केलीत तर बहुधा हरेल. तुम्ही एरवी जिथे राहिला असता त्याच्याशीच तुलना करा. कोणत्याही सुट्टीत रात्रीला चार हजारांच्या वर न गेलेल्या माणसाला बारा हजारांची खोली आठ हजारांत मिळाली म्हणून त्याचे चार हजार वाचले नाहीत, उलट चार हजार जास्त गेले.

खोलीत माणसं किती मावतात हा प्रश्न हॉलमध्ये कुणालाच आठवत नाही. आपल्याकडे सुट्टी म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं एवढंच नसतं. आजी-आजोबा असतात, एखादी आत्या आणि तिची मुलगी असते. स्टुडिओ किंवा एका बेडरूमच्या खोलीत सहा-सात जणांना राहू देत नाहीत, ज्यादा गादीलाही मर्यादा असते, आणि ठरावीक वयानंतर मूल मोठ्या माणसात धरलं जातं. दोन खोल्या घेतल्या की रात्रीही दुप्पट खर्ची पडतात. सातच्या साडेतीन झाल्या, म्हणजे वरचा सगळा हिशोब पुन्हा मांडायचा. आजोबांना जिने चढवत नसतील तर तळमजला किंवा लिफ्ट मिळेल का हेही विचारा. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टची आवारं मोठी असतात, आणि खोलीपासून जेवणघरापर्यंतची चाल मे महिन्याच्या उन्हात लहान नसते.

जेवणाचा मुद्दा लहान वाटतो, पण बिल तिथेच फुगतं. बाहेरचं जेवण आवारात आणू देतात का, खोलीत साधा चहा-मॅगी करण्यापुरतं स्वयंपाकघर आहे का, माणशी जेवणाचा दर काय, हे आधी विचारून ठेवा. सहा माणसं, आठ दिवस, दोन वेळचं जेवण : गुणाकार करा आणि बघा, खोलीपेक्षा जेवण महाग पडतं का ते.

दहावी-बारावीची वर्षंही मोजा. आज मुलगी सहा वर्षांची असेल तर २५ वर्षांच्या करारात ती एकतीस वर्षांची होणार. मधल्या काळात नववीनंतरच्या मे महिन्यात व्हेकेशन बॅच, अकरावीनंतर पुन्हा तेच, नीट किंवा जेईईचं वर्ष वेगळं. दोन मुलं असतील तर चार-पाच उन्हाळे असेच जातात. देखभाल शुल्क मात्र त्या वर्षीही भरावंच लागतं, कारण राहिलात की नाही याच्याशी बहुतेक करारांत त्याचा संबंध नसतो. ते थकलं की बुकिंग अडतं आणि वर व्याज चढतं.

किनाऱ्याची म्हणून काही खास तपासणी आहे. "बीच रिसॉर्ट" या नावाखाली पाण्यापासून तीनशे पावलांवरचंही चालतं आणि मधे रस्ता, शेत ओलांडावं लागणारंही. नकाशावर स्वतः अंतर मोजा. मुलांना पाण्यात उतरवायचं असेल तर जीवरक्षक असतात का पाहा. काशीदची पांढरी वाळू मोहात पाडते, पण तिथे आत ओढणाऱ्या पाण्याने अनेक जीव घेतले आहेत. तारखा निवडताना मेचा पहिला पंधरवडा धरा. शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात, समुद्र खवळू लागतो, आणि २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता. "मेच्या शेवटी भरपूर उपलब्धता आहे" असं कुणी सांगितलं, तर ती का आहे ते एव्हाना लक्षात आलं असेल.

कोकणात एखादा स्थानिक बिल्डर "समुद्राकाठच्या रिसॉर्टमध्ये हिस्सा घ्या" म्हणाला, तर सावधपणा दुप्पट हवा. किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेड) निर्बंध कागदावरच राहतात असं समजू नका. किहीमचा नीरव मोदीचा बंगला प्रशासनाने ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडला. अशा प्रस्तावात जागेचा सातबारा, बिनशेती परवानगी, सीआरझेडची मंजुरी आणि प्रकल्पाला लागू असेल तर महारेराचा क्रमांक, एवढं वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

आणि सुट्टीच्या सदस्यत्वाबरोबर पैसे वाढवून देण्याची भाषा सुरू झाली, की तिथून उठावं. महाराष्ट्राने हे चांगलंच भोगलं आहे. पॅनकार्ड क्लब्ज या मुंबईच्या कंपनीने हॉटेलातल्या रात्री विकल्या. त्या वापरल्या नाहीत तर मुदतीअखेर जास्त रक्कम परत, असं त्या योजनेचं रूप होतं. गावोगावच्या एजंटांनी ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना, नातेवाइकांना विकली. ही सुट्टी नसून विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असं सेबीने ठरवलं आणि २०१६च्या फेब्रुवारीत पैसे परत करायचा आदेश दिला. तेव्हा गुंतवणूकदार होते ५१ लाखांच्या आसपास, रक्कम सात हजार कोटींच्या वर. त्याच सुमारास रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्स यांच्यावरही सेबीने असेच आदेश काढले. निवृत्तीचे पैसे त्यात घालून आजही वाट पाहणारी माणसं आपल्या आसपास आहेत.

हे सगळं तपासूनही सदस्यत्व घ्यावंसं वाटलं, तर घ्या, पण त्या रविवारी नको. "आजची ऑफर आजच" हे खरं असतं तर पुढच्या रविवारी तो हॉल रिकामा दिसला असता. कोऱ्या कराराची प्रत मागून घरी आणा. विचार बदलायला किती दिवस मिळतात ते कलम शोधा. युरोपीय संघाच्या २००८च्या निर्देशानुसार तिथल्या ग्राहकाला १४ दिवस मिळतात आणि तेवढ्या काळात आगाऊ पैसेही घेता येत नाहीत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात लिहिलं असेल तेवढंच. काही कंपन्या दहाएक दिवस देतात. माघार घ्यायची झाली तर फोनवर सांगून थांबू नका, मुदतीच्या आत ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही करा. क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून दिले असतील तर बँकेलाही लगेच कळवा. विक्रेत्याने तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ईमेलने लिहा : "आपल्या प्रतिनिधीने असं सांगितलं, कृपया खात्री द्यावी." उत्तर नाही आलं तरी तुमचा ईमेल नोंदीत राहतो.

वाद झालाच तर कंपनीचं कार्यालय असलेल्या दूरच्या शहरात खेटे घालायची गरज नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पनवेलकरांसाठी तो अलिबागला आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. करारात लवादाचं कलम असलं तरी आयोगाचा रस्ता बंद होत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळदा कंपनी तिथेच बोलायला तयार होते.

सदस्यत्व आधीच गळ्यात असेल आणि विकायचं असेल, तर किंमत अर्ध्याहून खाली गेली तरी नवल वाटून घेऊ नका. हस्तांतराचं शुल्क कोण भरणार आणि नव्या माणसाला तुमचे सगळे हक्क मिळतात की काही गळतात, हे कंपनीकडून लेखी घ्या. आणि "तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त प्रोसेसिंग फी भरा" असा अनोळखी फोन आला, तर फी भरू नका. गिऱ्हाईक खरं असेल तर शुल्क वजा करून उरलेले पैसे पाठवा म्हणावं.